खोडलेलं उत्तर

मालती पांढरीपांडे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या त्यांच्या ओळीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, मुलगी पुण्याला नोकरीला गेली, बाईला घर खायला उठलं असेल. कुणी म्हणालं, आता ही आपल्या पत्रिका बघणार. मालती सगळ्यांना हसून एकच सांगायची, "अहो, नुसतं रविवारचं तर आहे."

ते खरंही होतं. पंच्याण्णव साली विद्यापीठानं खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची प्राथमिक ओळख करून देणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला. दर रविवारी सकाळी तीन तास वर्ग, बारा पुस्तिका, महिन्याला एक गृहपाठ आणि शेवटी लेखी परीक्षा. विज्ञान घेऊन शिकलेल्या कुणालाही प्रवेश, वयाची अट नाही. मालतीनं नागपूरला बी.एस्सी.ची दोन वर्षं केली होती. तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच सुधाकर पांढरीपांड्यांचं स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनियर, भोपाळच्या सरकारी कारखान्यात, राहायला क्वार्टर. "असं स्थळ पदवीसाठी थांबत नसतं," तिचे वडील म्हणाले होते, आणि ते थांबलंही नसतं.

सुधाकर टर्बाईनच्या डिझाइन विभागात होता. त्याच्या बुद्धीची ख्याती साऱ्या वसाहतीत होती. चार आकडी गुणाकार तो तोंडी करी. विभागात नवीन कॅल्क्युलेटर आले तेव्हा पोरांनी त्याला यंत्राशी शर्यत लावायला लावली होती, आणि तो जिंकला होता, असं लोक अजून सांगत. माणूस वाईट नव्हता. पण जे आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नाही याची त्याला मनापासून गंमत वाटे. मालतीनं काही मोजलं, मग ती पडद्याची लांबी असो की पाहुण्यांच्या पोळ्या, तो म्हणायचा, "आमच्या हिचं गणित म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे!" पाहुणे हसत. मालतीही हसे. तेवीस वर्षं एकच वाक्य ऐकलं की ते आपल्याबद्दलचं मत राहत नाही, आपल्या उंचीसारखं किंवा रंगासारखं होऊन जातं. तिचं तसंच झालं होतं.

अभ्यासक्रमाचा अर्ज तिनं त्याच्यापुढे सहीला ठेवला तेव्हा तो मिस्कील हसला.

"राशिभविष्य शिकणार का?"

"नाही. तारे किती लांब आहेत ते."

"आणि मोजणार कोण?" असं म्हणून त्यानं सही केली.

वर्ग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर भरे. खिडकीच्या गजांवर कबुतरं, भिंतीवर पानाचे डाग, बाकांवर एकोणीस विद्यार्थी. बहुतेक बी.एस्सी.ची पोरं, दोन शाळामास्तर, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मालती. शिकवायला डॉ. फरहत नावाच्या बाई होत्या. किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला, बोटं कायम खडूनं पांढरी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "जिस चीज़ को छू नहीं सकते, उसे नापें कैसे? साल भर हम बस यही सीखेंगे." त्या दिवशी बिट्टन मार्केटच्या थांब्यावर मालती बसची वाट बघत उभी राहिली, दोन बस निघून गेल्या, तरी तिला भान नव्हतं.

पहिल्या दोन पुस्तिका बऱ्या गेल्या. तिसरीत लॉगॅरिदम आले आणि गाडी रुतली. जुलैची संध्याकाळ होती. जेवणाच्या टेबलावर ती वहीत डोकं घालून बसली होती आणि डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. सुधाकर चहाचा कप घेऊन मागून डोकावला. ती वही झाकू लागली.

"थांब, थांब. हे कुणी शिकवलं असं?" तो म्हणाला. "लॉग म्हणजे काय ते आधी कळू दे. किती दहा एकमेकांशी गुणले की तो आकडा येतो, एवढंच तर विचारतोय तो."

त्यानं खुर्ची ओढली. कपाटावरच्या पेटीतून त्याच्या इंजिनियरिंगच्या दिवसांतलं लॉग टेबलाचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि तास दीड तास तिला शिकवत बसला. चेष्टा नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर तो घरी आला तो चपला काढता काढताच विचारू लागला, "काय, पुढचं गणित केलंस?"

तो एक महिना मालतीला पुढे फार आठवे. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून बोलतात, असं त्या घरात कधी नव्हतं. लेक सुनंदा लहान होती तेव्हा तिच्याबद्दल बोलणं होई, मग तेही सरलं. आता बोलायला विषय होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा सहा महिन्यांत किंचित सरकल्यासारखा दिसतो, त्यावरून त्याचं अंतर काढतात, हे तिनं त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो खरोखर चकित झाला. "आम्ही आयुष्यभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला," तो म्हणाला, "आणि हे लोक बघ काय मोजतात." तिला वाटलं, आपलं लग्न आत्ता कुठे लागलंय.

ऑगस्टच्या गृहपाठात एक साधं गणित होतं. तारा आपल्याला दिसतो किती तेजस्वी आणि मुळात आहे किती तेजस्वी, हे दोन्ही माहीत असलं की तो किती लांब आहे ते निघतं. लांबचा दिवा मिणमिणता दिसतो, इतकंच त्यातलं तत्त्व. ताऱ्यांची अंतरं पार्सेक नावाच्या मापानं मोजतात. मालतीनं गणित केलं आणि उत्तर आलं शंभर पार्सेक. तिनं वही त्याच्याकडे सरकवली.

त्यानं पेन घेतलं, दोन ओळी खरडल्या. "एक. शंभर नाही, एक पार्सेक."

"एक कसं?"

"हे इकडचे पाच, ते तिकडचे पाच. गेले. उरलं शून्य. शून्याचा प्रतिलॉग एक. तुझं आपलं नेहमीचंच."

मालतीनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. उणे पाच बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले की अधिक होतात, मिळून दहा होतात, हे त्यानंच तिला महिन्यापूर्वी शिकवलं होतं. शिवाय दुसऱ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की सूर्य सोडला तर एक पार्सेकच्या आत एकही तारा नाही. सगळ्यांत जवळचा तारासुद्धा त्याहून लांब आहे. ती चाचरत म्हणाली, "अहो, पण इतक्या जवळ तारा नाहीच आहे म्हणे."

"मग पुस्तकात छापताना चूक झाली असेल," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं.

रात्रभर तिनं ते मनात घोळवलं असंही नाही. तिनं स्वतःचं उत्तर खोडलं, खाली त्याचं लिहिलं आणि झोपून गेली. तो चुकेल हे तिच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. आपलंच काहीतरी समजायचं राहिलं असणार, हे मात्र सहज पटण्यासारखं होतं.

सप्टेंबरच्या गृहपाठात असंच दोनदा झालं. तिचं उत्तर एक, त्याचं दुसरं. दोन्ही वेळा तिनं आपलं खोडलं. एकदा तर त्यानं भागाकारात शून्यं मोजताना बोट ठेवलं, बोट सरकवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि चिडून म्हणाला, "या दिव्याला काही उजेडच नाही." मालतीनं दुसऱ्या दिवशी मोठा बल्ब लावला.

महिनाअखेरच्या रविवारी वर्ग सुटल्यावर डॉ. फरहतनी तिला थांबवून घेतलं. टेबलावर तिचे दोन्ही गृहपाठ होते.

"पांढरीपांडे जी, ये क्या है? आपने सही जवाब लिखा, फिर काटकर ग़लत लिखा. एक बार नहीं, तीन बार."

मालतीनं कागद जवळ ओढले. "सही था?"

"बिल्कुल सही था. पूरी क्लास में पाँच लोगों का सही है. किसने कहा आपसे कि ग़लत है?"

मालतीनं खिडकीकडे पाहिलं. गजावरचं कबुतर मान वाकडी करून आत बघत होतं. "किसी ने नहीं," ती म्हणाली. "मुझे ही शक हो गया."

"अपने ऊपर इतना शक मत किया कीजिए," बाई म्हणाल्या आणि कागद तिच्या हातात दिले.

बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मांडीवर गृहपाठ होते, त्यावर लाल शाईनं तिच्या खोडलेल्या उत्तरांभोवती गोल काढलेले. आपलं बरोबर होतं. तीनही वेळा. आणि तो चुकला होता. हे दोन्ही विचार एकदम आले, आणि त्यांतल्या पहिल्यानं तिला जे वाटलं ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. गोविंदपुऱ्याच्या चौकापर्यंत ती मनातल्या मनात हसत होती. अंदाजपंचे काय! मग पिपलानीचा थांबा आला आणि ती उतरली.

घरी आल्यावर सुधाकरनं विचारलं, "गृहपाठ मिळाला?"

"मिळाला."

"किती बरोबर?"

तो पेपर चाळत होता, मान वर केली नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हल्ली त्याचं डोकं दुखे, सकाळी उठल्या उठल्या. मालतीनं कागद पिशवीतच ठेवले. "सगळे बरोबर," ती म्हणाली.

"मग! मी सांगत होतो ना?"

त्या दिवसापासून तिनं दोन वह्या केल्या. एक त्याला दाखवायची. तीत तो सांगेल ते ती लिही, मान डोलावी. दुसरी गव्हाच्या डब्यामागे. तीत ती आपलं आपण करी आणि तीच बाईंना देई. थकलाय माणूस, ती स्वतःला समजावी. एक्कावन्न वय झालं, डोळ्यांचा नंबर वाढला असेल, निवृत्तीच्या आधीची वर्षं अशीच जातात. इतकी वर्षं त्यानं मान ताठ ठेवून काढली, आता आपण त्याला चुकलात म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडानं? आणि खरं सांगायचं तर सांगून बघावं असं एकदा वाटलंही होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरची ती एक घटका पाहायची तिची तयारी नव्हती.

दिवाळीला सुनंदा आली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. डॉ. फरहत वर्गातल्या पोरांना घेऊन आग्र्याकडे गेल्या, तिथे खग्रास दिसणार होतं. भोपाळात खंडग्रासच. मालतीला जायचं होतं, पण सणाचं घर सोडून कसं जाणार? "आपण अंगणात बघू," सुधाकर म्हणाला. "मी खोकं करतो."

बुटाच्या खोक्याच्या एका बाजूला टाचणीनं भोक पाडायचं, त्याच्या समोरच्या बाजूला आतून पांढरा कागद लावायचा, पाठ सूर्याकडे करून खोक्यात बघायचं. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम. तो तासभर मागच्या ओट्यावर बसला होता. आठ वाजता, अंगणातला उजेड राखाडी होऊ लागला आणि ओळीतली कुत्री गप्प झाली, तेव्हा मालती त्याला बोलवायला गेली. त्यानं भोक आणि कागद एकाच बाजूला केले होते. कागदालाच भोक होतं. तो खोकं हातात फिरवत होता, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि त्याला काय चुकलंय ते सापडत नव्हतं.

"द्या इकडे," ती हलकेच म्हणाली. "आतला कागद निसटलाय वाटतं." तिनं तो काढून समोरच्या बाजूला लावला.

"हं, निसटलाच असेल," तो म्हणाला.

सुनंदानं खोक्यात पाहिलं आणि ओरडली, "आई, कोर दिसतेय! अगदी चंद्रासारखी!" सुधाकरही वाकून बघत होता, हसत होता. मालतीनं त्या दिवशी ग्रहण पाहिलंच नाही. ती त्याच्या शर्टाकडे बघत होती. गुंड्या एक घर सोडून लागल्या होत्या. याचं काहीतरी बिघडलंय हे आपल्याला कळलंय, असं तिला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट कळलं. आणि तरी तिनं संध्याकाळी फराळाचं ताट वाढलं, सुनंदाला दोन दिवसांनी गाडीत बसवून दिलं आणि कुणाला काही बोलली नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. स्कूटर एकदा फाटकावर गेली. उजव्या हातातून कप निसटू लागला. दवाखान्यात चला, असं ती दोनदा म्हणाली, तेही डोकेदुखीसाठी म्हणून. त्यानं गोळ्या आणल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो कारखान्यात जिन्यावरून पडला आणि त्याला फिट आली. स्कॅन झाला, मग नागपूरला नेलं, तिथे मेंदूचे चांगले डॉक्टर होते आणि तिचे भाऊही होते. सोबत केशवराव ताम्हणे आले. सुधाकरच्याच विभागात, शेजारच्या टेबलावर बसणारे, वीस वर्षांचा घरोबा.

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. "डाव्या बाजूला, मागे, इथे गाठ आहे. आकडेमोड, लिहिणं, डावं-उजवं कळणं, हे सगळं इथून चालतं. वाढ सावकाश झालेली दिसते. गेल्या सहा-आठ महिन्यांत काही जाणवलं होतं? हिशेबात चुका वगैरे?"

मालतीनं त्या फिल्मकडे पाहिलं.

"नाही," मालती म्हणाली.

केशवराव जमिनीकडे बघत होते.

"इंजिनियर आहेत म्हणता, म्हणून विचारलं. अशा माणसाच्या लवकर लक्षात येतं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात कळलं असतं तर बहुतेक सगळी काढता आली असती, असं मी छातीठोक नाही सांगत. पण सोपं गेलं असतं. आता जेवढी निघेल तेवढी काढू."

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकावर दोघं बसले. केशवराव तिच्याकडे वळले.

"वहिनी, एक सांगायचं होतं. जूनपासून त्याच्या आकड्यांत घोळ होत होता."

मालतीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आणि आमच्या विभागातला दिलीप, आम्ही दोघं त्याचे कागद पुढे जायच्या आधी तपासून दुरुस्त करत होतो. त्याला न कळू देता. साहेबांनाही कळू दिलं नाही. म्हटलं, पांढरीपांडे चुकला असं फाईलवर येता कामा नये. इतकं नाव आहे त्याचं. म्हटलं, घरचं काही टेन्शन असेल. तुम्हाला विचारावं असंही वाटलं एकदा. पण म्हटलं, वहिनींना उगाच कशाला?"

मालतीला वाटलं, आता आपणही सांगावं. ऑगस्टचं, वह्यांचं, खोक्याचं. समोरचा माणूस ओंजळीत तोंड लपवून रडत होता, त्याला तेवढीच सोबत झाली असती. पण ती म्हणाली, "तुमचा काय दोष त्यात," आणि त्यांना पाणी आणून दिलं. केशवराव परत जायला निघाले तेव्हा तिच्या पाया पडले. ते तिच्याहून सात वर्षांनी मोठे होते.

शस्त्रक्रिया झाली. सुधाकर जगला. मार्चमध्ये ते पिपलानीला परतले. उजवा हात लुळा, बोलणं तुटक, शब्द अडत. त्याची बदली आता फक्त पलंगावरून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून पलंगावर होई. आकडे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं मोजायला लावा. मालती पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवी. तीनपर्यंत नीट जाई, मग तो तिच्याकडे बघे. वसाहतीतली माणसं सुरुवातीला भेटायला येत. मग कमी झाली. चार आकडी गुणाकार तोंडी करणाऱ्या माणसाला शेंगा मोजताना बघणं कुणालाच सोसत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी, बाहेर लूचं गरम वारं वाहत होतं, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून ती त्याच्याजवळ बसली होती. तो शांत होता. डोळे उघडे, जागा. आणि तिला काय झालं कोण जाणे, ती बोलू लागली. सगळं. शंभर पार्सेक, एक पार्सेक. लाल गोल. दुसरी वही कुठे ठेवली होती ते. डॉक्टरांना ती नाही म्हणाली ते. फक्त बसमधलं हसणं तेवढं सांगितलं नाही. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, पडद्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

तो ऐकत होता की नाही ते तिला कळेना. मग त्यानं डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला.

"तुझं... बरोबर होतं?"

"हो."

तो शब्द शोधत राहिला. कपाळावर आठी आली, ओठ दोनदा हलले.

"मग... खोडलंस कशाला?"

रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होता, एखादं साधं गणित कुणी उगाच अवघड करून ठेवावं तसं. मालती काय सांगणार? तेवीस वर्षांचं उत्तर एका वाक्यात बसवता येईना, आणि ते त्याच्यापुढे, त्या अवस्थेत, ठेवणंही बरं दिसेना. ती म्हणाली, "चुकले." त्यानं मान हलवली, जणू तेवढं पुरे झालं, आणि डोळे मिटले.

गाठ पुन्हा वाढली. भाद्रपदात, गणपतीच्या विसर्जनाच्या आदल्या दिवशी, तो गेला. विभागातली सगळी माणसं आली. स्मशानात कुणीतरी कॅल्क्युलेटरच्या शर्यतीची गोष्ट सांगितली. मालतीला ती सुनंदाकडून कळली.

क्वार्टर सोडायला मुदत मिळाली होती. दिवाळीनंतर मालतीनं साकेत नगरमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सुनंदा पुण्याला चल म्हणून हट्ट धरून बसली होती. "परीक्षा होऊ दे," मालती म्हणाली. जूनची परीक्षा तिनं दिली नव्हती, डॉ. फरहतनी खटपट करून तिला डिसेंबरला बसवलं होतं. अभ्यास तिनं केला, पण त्यात जीव नव्हता. पुस्तिका उघडली की दहाव्या मिनिटाला ती भांडी घासायला उठे. परीक्षेच्या हॉलमध्ये तिनं तीन तास न थांबता लिहिलं. अंतराचं गणितही आलं होतं, दुसऱ्याच आकड्यांचं. ते पाच मिनिटांत झालं. काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंच तिला भय वाटलं.

निकाल फेब्रुवारीत लागला. त्या परीक्षेत ती दुसरी आली होती. डॉ. फरहतनी घरी चिठ्ठी पाठवली की पुढच्या तुकडीत तुमच्यासारख्या तीन-चार बायका आहेत, लॉगॅरिदमला घाबरतात, रविवारी येऊन त्यांना मदत कराल का. मालतीनं चिठ्ठी दोनदा वाचली. जमणार नाही असं उत्तर लिहिलं आणि पाकिटावर तिकीट लावून पेटीत टाकलंही.

संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून सुनंदाशी बोलली. निकाल ऐकून पोरगी आनंदानं ओरडली, आणि मग म्हणाली,

"आई, बाबा असते तर ग! त्यांना किती अभिमान वाटला असता. त्यांनीच शिकवलं ना तुला सगळं?"

काचेपलीकडे रांगेत दोन माणसं उभी होती. त्यांतला एक घड्याळ बघत होता.

"हो," मालती म्हणाली. "त्यांनीच."

"आता तरी येशील ना इकडे?"

"येईन. मार्च जाऊ दे."

तिनं फोन ठेवला, डोक्यावरून शाल घेतली आणि बाहेर पडली. थंडी अजून होती. मार्च गेला, एप्रिल गेला. सुनंदानं विचारायचं हळूहळू सोडून दिलं. मालती साकेत नगरातच राहिली, खालच्या मजल्यावर, जिथे दुपारी तीननंतर ऊन येत नाही.